औषधांच्या डब्यातील विस्मरण

गोव्यात १५६३ साली गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याचा वनौषधींवरील ग्रंथ छापून प्रसिद्ध झाला. मुंबई बेट काही काळ ज्याच्याकडे भाडेपट्ट्याने होते, तोच हा ऑर्ता. हिंदुस्थानातील झाडपाला, मसाले आणि औषधे यांची संवादरूपाने माहिती देणाऱ्या या ग्रंथात एक प्रकरण धोत्र्यावर आहे. एका दासीने मालकिणीला धोत्रा चारला आणि दागदागिने घेऊन पोबारा केला, अशी हकीकत त्यात येते. धोत्रा पोटात गेलेला माणूस असंबद्ध बोलतो, हसत राहतो आणि डोळ्यांदेखत त्याची वस्तू कोणी नेली तरी हरकत घेत नाही. पुढे गोव्याच्या आर्चबिशपचा चिटणीस म्हणून आलेल्या लिन्सखोटेन या डच तरुणाने १५९६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रवासवर्णनात याच वनस्पतीविषयी आणखी एक गोष्ट नोंदवली. शुद्धीवर आल्यानंतर माणसाला मधल्या काळातले काहीच आठवत नाही, असे त्याने लिहिले.

ब्रिटिश अमदानीत वाटसरूंना खाण्यातून धोत्रा घालून लुटणाऱ्या टोळ्या इतक्या माजल्या होत्या, की कलकत्त्याचे डॉ. नॉर्मन चेव्हर्स यांना न्यायवैद्यकावरील आपल्या ग्रंथात या विषप्रयोगांची सविस्तर चर्चा करावी लागली. लुटारूंच्या दृष्टीने या विषाची सोय अशी, की फिर्यादी जिवंत राहिला तरी त्याची साक्ष मात्र कोरी राही.

महाशिवरात्रीला महादेवाच्या पिंडीवर वाहिल्या जाणाऱ्या या वनस्पतीच्या बियांत अॅट्रोपिन, हायोसायमिन आणि स्कोपोलामिन ही द्रव्ये असतात. यांतील स्कोपोलामिन स्मरणाच्या दृष्टीने सर्वांत घातक. आज धोत्रा खाऊन दवाखान्यात येणारे रुग्ण तुलनेने थोडे. परंतु मेंदूतील ज्या कुलपात धोत्रा जाऊन अडकतो, त्याच कुलपात कमी-अधिक प्रमाणात जाऊन बसणारी अनेक औषधे आज घराघरांतील गोळ्यांच्या डब्यात असतात. सर्दी, चक्कर, पोटातील मुरडा, वारंवार होणारी लघवी, हातांचा कंप, निद्रानाश अशा नेहमीच्या तक्रारींसाठी ती दिली जातात. चाळिशीतल्या माणसाला त्यांचा त्रास फारसा जाणवत नाही. पंचाहत्तरीच्या आजी मात्र त्याच गोळीने नातवाचे नाव विसरू शकतात, आणि घरातले ‘आता वय झाले’ असे म्हणून गप्प बसतात. वस्तुतः त्या विस्मरणाचा काही भाग परत मिळण्याजोगा असतो.

हे कसे घडते ते समजण्यासाठी ऑस्ट्रियातील ग्रात्स शहरातील एका प्रयोगशाळेत जावे लागेल. मज्जातंतू अवयवांना संदेश कसा देतात, विजेच्या झटक्याने की एखाद्या रसायनाने, हा विसाव्या शतकाच्या आरंभीचा मोठा वाद होता. ऑटो लोवी या शास्त्रज्ञाला ईस्टरच्या सुमारास एका रात्री स्वप्नात त्याचा उलगडा करणारा प्रयोग सुचला. त्याने अर्धवट झोपेत कागदावर काहीतरी खरडले आणि पुन्हा डोळे मिटले. सकाळी ते अक्षर त्याचे त्यालाच लागेना आणि प्रयोगही आठवेना! दुसऱ्या रात्री तीनच्या सुमारास तीच कल्पना परत आली, तेव्हा मात्र तो तडक उठून प्रयोगशाळेत गेला. त्याने बेडकांची दोन हृदये घेतली. पहिल्या हृदयाची गती मंद करणारा मज्जातंतू उद्दीपित केला आणि त्या हृदयाभोवतीचे द्रव दुसऱ्या हृदयावर सोडले. दुसरे हृदयही मंदावले. म्हणजे संदेश रसायनाने दिला जात होता. १९२१ साली प्रसिद्ध झालेल्या या संशोधनातील ते रसायन म्हणजे अॅसिटिलकोलिन, हे पुढे सिद्ध झाले. लोवी आणि हेन्री डेल यांना त्याबद्दल १९३६ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

मेंदूतील अब्जावधी चेतापेशी एकमेकींना प्रत्यक्ष चिकटलेल्या नसतात. दोन पेशींच्या मध्ये अतिसूक्ष्म फट असते. एक पेशी या फटीत रसायन सोडते आणि पलीकडील पेशीच्या पृष्ठभागावरील प्रथिनांचे विशिष्ट रेणू ते टिपून घेतात. या रेणूंना वैद्यकात रिसेप्टर म्हणतात. मराठीत त्यांना ‘ग्राही’ हा शब्द रूढ आहे. ग्राही हे कुलूप आणि रसायन ही त्याची किल्ली, असे मानले तर औषधांचे काम समजणे सोपे जाते. काही औषधे खऱ्या किल्लीची हुबेहूब नक्कल असतात आणि कुलूप उघडतात. काही कुलपाला तेल घालावे तसे काम करतात; खरी किल्ली त्यामुळे अधिक सहज फिरते. काही मात्र कुलपात शिरतात, फिरत नाहीत आणि खऱ्या किल्लीची वाट अडवून बसतात. धोत्र्यातील स्कोपोलामिन या शेवटच्या प्रकारातले आहे.

मेंदूच्या तळाशी, कपाळामागील भागात, चेतापेशींचे काही लहान पुंजके आहेत. तेथून निघणारे तंतू मेंदूच्या बाह्यकात आणि हिप्पोकॅम्पस या भागात अॅसिटिलकोलिन पोहोचवतात. हिप्पोकॅम्पस म्हणजे नव्या आठवणींचे टिपणखाते. १९५३ साली अमेरिकेतील हेन्री मोलायसन या तरुणाच्या मेंदूतून, फेफऱ्यावरील उपाय म्हणून, दोन्ही बाजूंचा हा भाग बहुतांश काढून टाकण्यात आला. त्यानंतर २००८ साली मृत्यू येईपर्यंत त्याला नव्या घटनांची आठवण ठेवता आली नाही. बालपणीच्या गोष्टी मात्र तो सांगू शके. अॅसिटिलकोलिन पोहोचले की हिप्पोकॅम्पसमधील पेशी बाहेरून येणाऱ्या माहितीकडे लक्ष देतात आणि नवी नोंद होते. ते अडवले, की समोरचा माणूस दिसतो, त्याचे बोलणे ऐकू येते, उत्तरही दिले जाते. नोंद तेवढी होत नाही. ऑर्ताने वर्णिलेली मालकीण नेमकी याच अवस्थेत असावी.

स्कोपोलामिनच्या या गुणाचा वापर वैद्यकाने एकदा मोठ्या उत्साहाने केला. जर्मनीतील फ्रायबुर्ग येथील बर्नहार्ड क्रोनिग आणि कार्ल गाउस या डॉक्टरांनी १९०६ च्या सुमारास प्रसूतीच्या वेळी मॉर्फिन आणि स्कोपोलामिन एकत्र टोचण्याची पद्धत पुढे आणली. तिला ‘संधिप्रकाशातील निद्रा’ असे काव्यमय नाव मिळाले. औषधाची मात्रा ठरवण्याची गाउस यांची रीत विलक्षण होती. बाळंतिणीला एखादी वस्तू दाखवायची आणि काही वेळाने ती पूर्वी पाहिली होती का, असे विचारायचे. तिला आठवले तर आणखी औषध द्यायचे! म्हणजे मोजमाप वेदनेचे नव्हते, स्मृतीचे होते. स्त्रिया कळांनी तळमळत, ओरडत, त्यांना आवरून धरावे लागे. पण जागे झाल्यावर त्या म्हणत, काहीच त्रास झाला नाही. १९१४ साली अमेरिकेतील सुखवस्तू स्त्रियांनी या पद्धतीच्या प्रसारासाठी संघटना काढली. तिच्या एक प्रमुख पुरस्कर्त्या फ्रान्सिस कारमोडी यांचा पुढच्याच वर्षी बाळंतपणात मृत्यू झाला. मृत्यूचे कारण हे औषध नव्हे असे डॉक्टरांनी सांगितले, तरी चळवळीचा जोर ओसरला. ज्या वेदनेची आठवण राहत नाही ती वेदना झालीच नाही असे म्हणावे काय, हा प्रश्न मात्र त्या काळात फारसा कोणी विचारलेला दिसत नाही.

स्मृती आणि हे ग्राही यांच्या नात्याची पद्धतशीर तपासणी व्हायला पुढे अर्धे शतक जावे लागले. १९७४ साली डेव्हिड ड्रॅकमन आणि जॅनेट लेव्हिट या संशोधकांनी निरोगी तरुण स्वयंसेवकांना थोडे स्कोपोलामिन दिले आणि त्यांच्या स्मरणाच्या चाचण्या घेतल्या. त्यांच्या चुकांचा नमुना औषध न घेतलेल्या वृद्धांच्या नमुन्याशी मिळताजुळता निघाला. काही तासांपुरते का होईना, या तरुणांची स्मृती म्हातारी झाली होती. १९७६ साली एडिंबरो येथील पीटर डेव्हिस आणि मॅलोनी यांनी अल्झायमरच्या रुग्णांचे मेंदू मृत्यूनंतर तपासले, तेव्हा अॅसिटिलकोलिन तयार करणारे विकर त्यांच्यात फार घटलेले आढळले. या दोन निष्कर्षांची सांगड घालून शास्त्रज्ञांनी पुढचा प्रश्न विचारला. अॅसिटिलकोलिन अडवल्याने स्मृती जाते, तर ते वाढवल्याने ती परत येईल काय?

उत्तर अर्धवट होकारार्थी मिळाले. ग्राहीवर आदळून झालेले अॅसिटिलकोलिन एक विकर क्षणार्धात तोडून टाकते. त्या विकराला रोखणारी औषधे तयार झाली. त्यांपैकी टॅक्रिनला अमेरिकेत १९९३ साली मान्यता मिळाली. यकृतावरील दुष्परिणामांमुळे ते पुढे बाजारातून गेले. डोनेपेझिल १९९६ साली आले, त्यानंतर रिव्हास्टिग्मिन आणि गॅलँटामिन. आजही ही तीन औषधे अल्झायमरच्या रुग्णांना दिली जातात. काही रुग्णांत काही काळ लक्ष आणि दैनंदिन व्यवहार यांत माफक सुधारणा दिसते. मूळ रोगाची वाटचाल त्यांनी थांबत नाही, कारण अॅसिटिलकोलिन बनवणाऱ्या पेशीच मरत असतात.

येथे विदर्भातील कापूस पट्ट्याचा एक संबंध सांगण्याजोगा आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजुरांचे बळी गेले, तेव्हा कीटकनाशके हा विषय सर्वतोमुखी झाला. मोनोक्रोटोफॉससारखी सेंद्रिय फॉस्फरस गटातील कीटकनाशके याच विकराला घट्ट पकडतात. अॅसिटिलकोलिन तुंबते, लाळ, घाम सुटतो, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, श्वास अडतो. अशा वेळी ग्रामीण रुग्णालयातील डॉक्टर जीव वाचवण्यासाठी जे इंजेक्शन पुन्हापुन्हा देतात, ते धोत्र्यातलेच अॅट्रोपिन. ते जादा झाले की रुग्ण बरळतो, चादर चिमटीत धरून ओढत राहतो, नातलगांना ओळखत नाही. विष मेंदूत चढले असे घरच्यांना वाटते. पुष्कळदा तो उताऱ्याचा परिणाम असतो आणि मात्रा उतरवली की ओसरतो. कार्बामेट गटातील कीटकनाशके आणि अल्झायमरवरील रिव्हास्टिग्मिन ही तर रासायनिकदृष्ट्या एकाच कुळातील आहेत.

आता घरातील डब्याकडे वळू. सर्दी-खोकल्यावरील क्लोरफेनिरामिन आणि डायफेनहायड्रामिन, मळमळीवर व अॅलर्जीवर दिले जाणारे प्रोमेथाझिन, पोटातील मुरड्यावरील डायसायक्लोमिन, लघवी आवरत नाही म्हणून दिले जाणारे ऑक्सिब्युटिनिन आणि टॉल्टेरोडिन, हातापायांच्या ताठरपणावरील ट्रायहेक्सिफेनिडिल, नैराश्य, मज्जातंतूंची आग आणि अर्धशिशी यांवर वापरले जाणारे अॅमिट्रिप्टिलिन ही सारी औषधे अॅसिटिलकोलिनच्या ग्राहीवर कमी-अधिक अडसर घालतात. काहींचा तो हेतूच असतो. मूत्राशयाच्या आणि आतड्याच्या स्नायूंवर हेच ग्राही असतात आणि ते अडवल्याने आराम पडतो. अन्य काहींच्या बाबतीत तो अवांतर परिणाम होय. औषध आतड्यासाठी घेतले म्हणून ते आतड्यापाशीच थांबत नाही. रक्तातून ते मेंदूपर्यंतही जाते.

एकेका औषधाचा भार थोडा असला तरी बेरीज मोठी होते. आजोबांना मूत्रविकारतज्ज्ञांनी एक गोळी दिलेली असते, झोपेसाठी घरच्या डॉक्टरांनी दुसरी, पाय दुखतात म्हणून तिसऱ्याच कोणी तिसरी. आणि सर्दी झाली की कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून चौथी येते. चौघांपैकी कोणाचेच चुकलेले नसते, पण चौघांची चिठ्ठी एकत्र कोणी वाचलेलीही नसते.

वयाचाही यात मोठा हात असतो. उतारवयात अॅसिटिलकोलिनचा पुरवठा मुळातच रोडावतो, यकृत आणि मूत्रपिंड औषध सावकाश बाहेर टाकतात, आणि रक्तातील द्रव्यांना मेंदूत शिरू न देणारी भिंतही पूर्वीइतकी पक्की राहत नाही. झोपेसाठी वापरल्या जाणाऱ्या डायझेपामचे उदाहरण बोलके आहे. १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार विशीतल्या माणसाच्या रक्तातील या औषधाचे प्रमाण निम्म्यावर यायला सुमारे २० तास लागतात, तर ऐंशीच्या घरातील माणसाला सुमारे ९० तास. म्हणजे रोज रात्री एक गोळी घेणाऱ्या आजींच्या शरीरात सोमवारची गोळी गुरुवारीही काम करत असते.

अशा औषधांचा परिणाम तात्पुरता की कायमचा, यावर संशोधन चालू आहे. अमेरिकेतील सिएटल येथे ६५ वर्षांवरील ३,४३४ व्यक्तींची सरासरी सात वर्षांहून अधिक काळ पाहणी करण्यात आली. २०१५ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अॅसिटिलकोलिन अडवणारी औषधे ज्यांनी सर्वाधिक प्रमाणात, म्हणजे सुमारे तीन वर्षे रोज किमान परिणामकारक मात्रेइतकी घेतली होती, त्यांना स्मृतिभ्रंश होण्याचा धोका ती न घेणाऱ्यांपेक्षा ५४ टक्क्यांनी अधिक आढळला. २०१९ साली ब्रिटनमधील बऱ्याच मोठ्या पाहणीतही नैराश्य, मूत्राशय, कंपवात अशा विकारांवरील या जातीच्या औषधांबाबत धोका वाढलेला दिसला. अॅलर्जीच्या औषधांबाबत मात्र तसे आढळले नाही. ही आकडेवारी वाचून घाबरून जाण्याचे कारण नाही. अशा पाहण्यांतून संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही. नैराश्य किंवा लघवीवरील ताबा सुटणे ही स्मृतिभ्रंशाची फार आधीची लक्षणेही असू शकतात. मग गोळीमुळे रोग झाला की रोगामुळे गोळी सुरू झाली, हे सांगणे कठीण होते. तात्पुरत्या परिणामाबाबत मात्र दुमत नाही. तो प्रयोगशाळेत वारंवार सिद्ध झाला आहे, आणि टाळण्याजोगाही तोच आहे.

वैद्यकाच्या विसंगतीचा एक नमुना तर थक्क करणारा आहे. अल्झायमरच्या रुग्णाला अॅसिटिलकोलिन वाढवण्यासाठी डोनेपेझिल दिले जाते. ते मेंदूबरोबर मूत्राशयातही वाढते आणि रुग्णाला घाईची लघवी होऊ लागते. घरचे ही नवी तक्रार घेऊन डॉक्टरांकडे जातात. तेथे लघवी आवरण्यासाठी अॅसिटिलकोलिन अडवणारी गोळी लिहून दिली जाते. एका हाताने रांजण भरायचा आणि दुसऱ्या हाताने त्याचे बूच काढायचे, असा हा प्रकार. हे अपवादाने घडत नाही, हे कॅनडातील ओंटारिओ प्रांतातील वृद्ध रुग्णांच्या नोंदींवरून २००५ साली दाखवून देण्यात आले.

झोपेच्या आणि चिंता कमी करणाऱ्या गोळ्यांचा मार्ग निराळा आहे. मेंदूत गॅबा नावाचे रसायन पेशींना शांत ठेवण्याचे काम करते. क्लोरडायझेपॉक्साइड १९६० साली आणि डायझेपाम १९६३ साली बाजारात आले. अल्प्राझोलाम, लोराझेपाम, क्लोनाझेपाम ही त्यांची भावंडे. हे सारे रेणू गॅबाच्या ग्राहीवर एका बाजूच्या जागी बसतात आणि गॅबाचा परिणाम वाढवतात. कुलपाला तेल घालणारी औषधे म्हणून वर ज्यांचा उल्लेख आला, ती हीच. गॅबाचे ग्राही हिप्पोकॅम्पसमध्येही विपुल असल्याने तेथील लेखणीही संथ होते. जुन्या आठवणी शाबूत राहतात, पण गोळी घेतल्यानंतरचे काही तास कोरे जाऊ शकतात.

भूलतज्ज्ञ याचा जाणीवपूर्वक उपयोग करतात. दुर्बिणीतून पोट तपासण्यापूर्वी मिडाझोलाम दिले, की रुग्ण डॉक्टरांच्या सूचना पाळतो, कूस बदलतो आणि नंतर ‘तपासणी कधी झाली?’ असे विचारतो. प्रवासात झोप लागावी म्हणून ट्रायाझोलाम घेतलेल्या काहींची कथा मात्र वेगळी आहे. विमानाने युरोपला जाताना ही गोळी आणि सोबत मद्य घेतलेल्या प्रवाशांचा वृत्तांत १९८७ साली अमेरिकन वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात आला. ते विमानातून उतरले, आपले व्यवहार त्यांनी पार पाडले, आणि पुढे त्यांना त्यातले काहीच आठवेना. हे प्रवासी मेंदूशास्त्राचेच अभ्यासक होते! मद्यही गॅबाच्या ग्राहीवर काम करते, त्यामुळे दोहोंचा परिणाम एकत्र आला. ब्रिटनने १९९१ साली ट्रायाझोलामचा परवाना स्थगित केला.

गॅबाच्याच मार्गाने जाणारे पेंटोथाल हे औषध ‘नार्को’ चाचणीमुळे महाराष्ट्रात घरोघरी माहीत झाले. मुद्रांक घोटाळ्याच्या तपासात ही चाचणी गाजली. आठवणींची नोंद बिघडवणाऱ्या द्रव्याने दडलेल्या आठवणी बाहेर काढता येतील, ही अपेक्षाच मुळात चमत्कारिक. गुंगीतला माणूस सत्य, कल्पना आणि विचारणाऱ्याने सुचवलेले यांची सरमिसळ करतो. ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने संमतीवाचून अशी चाचणी करणे घटनाबाह्य ठरवले.

स्मृतीशी निगडित तिसरे कुलूप ग्लुटामेट या रसायनाचे, आणि त्यातही एनएमडीए नावाच्या ग्राहीचे. दोन पेशी एकाच वेळी जाग्या झाल्या तरच हे कुलूप उघडते. एरवी मॅग्नेशियमच्या कणाने त्याचे दार बंद असते. एकत्र घडलेल्या दोन गोष्टींची गाठ मारण्यासाठी याहून सोयीची रचना क्वचितच असेल. रिचर्ड मॉरिस यांनी १९८६ साली उंदरांच्या मेंदूत हा ग्राही अडवणारे द्रव्य सोडले, तेव्हा गढूळ पाण्याखाली लपवलेला ओटा कोठे आहे हे ते नीट शिकू शकले नाहीत. भुलीचे केटामिन हाच ग्राही अडवते. अल्झायमरवरील मेमँटिनही तेच करते, मात्र सौम्यपणे. ग्लुटामेटचा अतिरेक टळावा आणि गरजेचा संदेश मात्र जावा, ही त्यामागची कल्पना.

रसायन वाढवले की स्मृती वाढते, असा सरळ हिशेबही नसतो. गाढ झोपेत मेंदूतील अॅसिटिलकोलिन आपोआप उतरते आणि दिवसाच्या नोंदी पक्क्या होतात. जर्मनीतील ल्यूबेक येथील यान बोर्न यांच्या गटाने २००४ साली गाढ झोपेच्या वेळी हे रसायन कृत्रिम रीतीने चढते ठेवून पाहिले, तेव्हा आदल्या रात्री पाठ केलेल्या शब्दांच्या जोड्या स्वयंसेवकांना कमी आठवल्या. स्मरणशक्तीची हमी देणाऱ्या जाहिराती वाचणाऱ्या पालकांनी हा प्रयोग ध्यानात ठेवावा.

घरातील वृद्धाचे विस्मरण औषधाचे आहे की रोगाचे, हे ओळखण्याच्या काही खुणा आहेत. अल्झायमर वर्षानुवर्षे हळूहळू वाढतो. नवी गोळी सुरू झाल्यानंतर किंवा मात्रा वाढवल्यानंतर काही दिवसांत अथवा आठवड्यांत गोंधळ सुरू झाला असेल, तर संशय प्रथम गोळीवर घ्यावा. विसरण्याच्या जोडीला तोंडाला कोरड, बद्धकोष्ठ, धूसर दिसणे, लघवी अडणे अशा तक्रारी असतील, तर अॅसिटिलकोलिन अडवले जात असण्याची शक्यता बळावते. सकाळी जड वाटणे, तोल जाणे आणि पडणे ही झोपेच्या गोळ्यांची खूण. थायरॉइडची कमतरता आणि शाकाहारी घरांत आढळणारी ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव यांनीही विसराळूपणा येतो; त्यामुळे रक्ततपासणीही हवी.

यावर उपाय म्हणून गोळ्या परस्पर बंद करणे मात्र धोक्याचे आहे. महिनोन्महिने घेतलेली अल्प्राझोलामसारखी गोळी एकाएकी थांबवली, तर तळमळ, थरथर आणि प्रसंगी झटके येऊ शकतात. ती आठवड्या-आठवड्यांनी थोडी थोडी उतरवावी लागते. बंद केल्यावर स्मरणशक्ती सुधारते असे अभ्यासांत दिसले आहे. दीर्घकाळ घेतलेल्यांत ही सुधारणा अपुरी राहते आणि तिला महिने लागतात. अॅमिट्रिप्टिलिन किंवा ट्रायहेक्सिफेनिडिलही वैद्यकीय सल्ल्यानेच कमी करावे. बहुतेक औषधांना पर्याय असतात. मूत्राशयासाठी वेगळ्या ग्राहीवर काम करणारे मिराबेग्रॉन आहे आणि अॅलर्जीसाठी मेंदूत फारसे न शिरणारे फेक्सोफेनाडिन.

डॉ. मार्क बिअर्स यांनी १९९१ साली अमेरिकेत वृद्धांना शक्यतो देऊ नयेत अशा औषधांची यादी तयार केली. ती आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते आणि २०२३ साली तिची नवी आवृत्ती निघाली. वर आलेल्या औषधांपैकी बहुतेकांची नावे तीत आहेत. भारतात अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम यांसारखी औषधे १ मार्च २०१४ पासून ‘एच-१’ परिशिष्टाखाली येतात. डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून ती विकता येत नाहीत आणि दुकानदाराला विक्रीची नोंद तीन वर्षे जपून ठेवावी लागते. पाकिटावर लाल चौकटीतील इशारा असतो. पोटाच्या तक्रारीवरील काही गोळ्यांत क्लोरडायझेपॉक्साइड, क्लिडिनियम आणि डायसायक्लोमिन ही तिन्ही एकत्र असतात, म्हणजे गॅबा आणि अॅसिटिलकोलिन अशी दोन्ही कुलपे एकाच गोळीत. ‘पोटाची गोळी’ या नावाखाली ती घरात वर्षानुवर्षे चालू राहते. म्हणून पुढच्या खेपेला डॉक्टरांकडे जाताना चिठ्ठ्यांबरोबर आजींचा गोळ्यांचा डबाच सोबत न्यावा. खोकल्याची बाटली, चूर्णाची पुडी आणि शेजारणीने दिलेली झोपेची अर्धी पट्टीही त्यात असावी, आणि प्रत्येक गोळी कोणी, कधी व कशासाठी सुरू केली ते कागदावर लिहून ठेवावे. यातली कोणती आता लागत नाही, हा प्रश्न डॉक्टरांना त्याच भेटीत विचारता येतो.